पंखा किती फिरवावा?
(थाटीपुर येथे न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या मंगल प्रसंगी माझ्यासारख्या शाळामास्तराने चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली. शिक्षण, संस्कार, समाजसेवा या विषयांवर माझ्याहून अधिकारी मंडळी व्यासपीठावर बसली आहेत; तेव्हा त्या वाटेला मी जात नाही. मी आज बोलणार आहे ते पंख्याविषयी. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. गेल्या वर्षी मी कार्यकारी मंडळाला एक आकडा दिला होता आणि तो चुकीचा होता. पैसा आपणां सर्वांच्या वर्गणीचा. म्हणून चूकही सर्वांसमोरच दुरुस्त केलेली बरी.

हकीकत अशी. न्यासाच्या नव्या इमारतीत खाली दवाखाना, त्यात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची खोली, रक्त तपासणीची यंत्रे व औषधांचे कोठार, आणि वरच्या मजल्यावर मुलांची अभ्यासिका असे ठरले आहे. ग्वाल्हेरचा मे महिना आपणांस सांगावयास नको. पारा पंचेचाळीसला टेकला की औषधेही तापतात आणि अभ्यासाला बसलेली पोरेही. म्हणून एक मध्यवर्ती थंडाव्याचे यंत्र, ज्याला सारे चिलर म्हणतात, ते घ्यावे असा विचार झाला. कारागिरांकडून दोन प्रकारची दरपत्रके आली. एकात चिलरसोबत पाण्याचा कूलिंग टॉवर होता, दुसऱ्यात ड्राय कूलर, म्हणजे कोरडा शीतक. कोषाध्यक्ष मला म्हणाले, “मास्तरसाहेब, आपण मुलांना विज्ञान आणि गणित शिकविता. वर्षाला वीज किती आणि पाणी किती लागेल, एवढे काढून द्या.” मी मान डोलावली. तिथूनच या व्याख्यानाचा जन्म झाला.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की चिलर थंडी निर्माण करतो. तसे नाही. थंडी नावाचा पदार्थ जगात नाही. आहे ती उष्णता, आणि ती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेऊन टाकावी लागते. चिलर हा उष्णतेचा हमाल आहे. खोल्यांतून फिरून आलेल्या पाण्यातील उष्णता तो उचलतो, काँप्रेसरच्या बळाने वर चढवितो आणि दुसऱ्या पाण्याच्या हवाली करतो. हे दुसरे पाणी गच्चीवर जाऊन ती उष्णता वाऱ्यावर सोडून परत येते. हमालाची मजुरीही त्याच ओझ्यात मिसळते: खोल्यांतून 70 किलोवॅट उष्णता उचलली आणि काँप्रेसरने 16 किलोवॅट वीज घेतली, तर गच्चीवर 86 किलोवॅट टाकावे लागतात.

आता हे ओझे टाकण्याच्या दोन रीती. माझ्या दादीच्या घरी उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावीत आणि दुपारभर त्यांवर पाणी शिंपडीत. बाहेर लू पेटलेली असे, आणि ताटीतून आत येणारा वारा मात्र गार व सुगंधी. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. कूलिंग टॉवर म्हणजे हीच ताटी, यंत्राच्या रूपात. मेच्या कोरड्या दुपारी हवा 43 अंशांवर असली, तरी ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक 23-24 अंशच दाखवू शकतो, आणि टॉवरचे पाणी त्याच्या जवळपास, 28-30 अंशांपर्यंत उतरते. काँप्रेसरचे काम हलके होते.

परंतु ही सुबत्ता पाण्याच्या जिवावर आहे. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. त्या हिशेबाने 86 किलोवॅट टाकण्यासाठी ताशी सुमारे 130 लिटर पाणी उडून जाते. आमच्या इमारतीची वर्षाची सरासरी 45 किलोवॅट धरली, तर वर्षाला सुमारे सहा लाख लिटर पाणी वाफ होऊन जाईल, म्हणजे पाच-पाच हजार लिटरचे जवळजवळ 120 टँकर. शिवाय टॉवरमध्ये क्षार साचतात, म्हणून काही पाणी वरचेवर सोडून द्यावे लागते, ते निराळेच. ज्या महिन्यात आपल्या वस्तीत बायाबापड्या टँकरची वाट पाहत घागरी मांडून बसतात, त्याच महिन्यात धर्मादाय न्यासाने गच्चीवर पाणी उडवावे काय, हा प्रश्न कोषाध्यक्षांनी उपस्थित केला, आणि तो योग्यच होता.

ड्राय कूलरमध्ये पाण्याचा थेंबही उडत नाही. पाणी तांब्याच्या नळ्यांतून फिरते, नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या बसविलेल्या असतात आणि पंखे त्यांतून हवा ओढतात. मोटारीच्या रेडिएटरचाच हा थोरला भाऊ. त्याची मर्यादा उघड आहे. हवा 45 अंशांवर असेल तर पाणी त्याच्या खाली कधीच जाणार नाही. पंखे पूर्ण वेगाने फिरवूनही ते 52 अंशांच्या आसपासच परत येईल. काँप्रेसरच्या बाजूचे तापमान एक अंश वाढले की विजेचा खर्च ढोबळमानाने दोन ते तीन टक्के वाढतो. त्यामुळे टॉवरसोबत जिथे 16 किलोवॅट लागत होते, तिथे मेच्या दुपारी ड्राय कूलरसोबत 28 किलोवॅट लागतील. शिवाय इतक्या उन्हात चालण्यासाठी बांधलेला चिलरच घ्यावा लागतो. साधा चिलर दाब वाढून बंद पडतो.

म्हणजे एका पारड्यात पाणी आणि दुसऱ्यात वीज. ही तुलना करण्यासाठी मी जे केले त्याला सिम्युलेशन म्हणतात. शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे: यंत्र विकत घेण्यापूर्वी कागदावर, किंवा आजकाल संगणकावर, ते वर्षभर चालवून पाहायचे. वर्षाचे तास 8760. प्रत्येक तासाला बाहेरची हवा किती तापलेली, आतून किती उष्णता उचलायची, काँप्रेसरला किती वीज आणि पंख्यांना किती, असे मांडत जायचे आणि शेवटी बेरीज करायची.

माझी पहिली चूक इथेच झाली. ड्राय कूलरला चार पंखे होते, प्रत्येकी दीड किलोवॅटचे, मिळून 6 किलोवॅट. मी 6 ला 8760 ने गुणले आणि 52,560 युनिट असा आकडा मंडळाला दिला. मंडळ दचकले. ड्राय कूलर जवळजवळ बाद झाला आणि टॉवरच्या टाकीसाठी जागाही आखली गेली. मी मात्र गृहीत धरले होते की जानेवारीच्या पहाटे, बाहेर पाच-सहा अंश आणि आत केवळ औषधांचे कोठार चालू असतानाही, चारही पंखे मेच्या दुपारसारखे धावत राहतील. असे कोणता शहाणा माणूस करील? कागदावर ते मी केले होते.

ही चूक लहान नव्हती, कारण पंख्याचा नियम मोठा विलक्षण आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते. परंतु वीज निम्मी होत नाही, ती एक-अष्टमांश होते. हवा वेगाच्या प्रमाणात, वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात. मुलांनो, दोनाचा घन आठ हे तुम्ही पाठ केले असेल. ते इथे रुपयांत उतरते. चारांपैकी दोन पंखे बंद करून दोन पूर्ण वेगाने चालविले, तर 3 किलोवॅट लागतात. चारही पंखे निम्म्या वेगाने चालविले, तर हवा तेवढीच मिळते आणि वीज हिशेबाने पाऊण किलोवॅट. वेग बदलणाऱ्या उपकरणातील गळती धरून फार तर एक किलोवॅट. शिवाय हवा साऱ्या पत्र्यांवरून सावकाश जाते, त्यामुळे उष्णताही अधिक चांगली निघते. म्हणून पहिला नियम: थोडे पंखे जोरात फिरविण्यापेक्षा सगळे पंखे हळू फिरवावेत.

हे कळल्यावर मी उत्साहाच्या भरात दुसरी चूक केली. पंखे शक्य तितके हळू फिरवायचे असे ठरवून मी गणित पुन्हा मांडले. पंख्यांची वीज नाममात्र झाली. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात फळ्यावर ते मांडले, तर एका मुलीने विचारले, “सर, मग काँप्रेसरचे काय?” मी खडू हातात धरून उभाच राहिलो.

त्या मुलीच्या प्रश्नात सारा विषय आहे. पंखा हळू केला की पाणी गरम परत येते आणि काँप्रेसर जास्त वीज खातो. पंखा वाढविला की काँप्रेसर सुखावतो, पण पंखा खातो. समजण्यासाठी हिवाळ्यातील एक दुपार घेऊ: बाहेर 22 अंश, आतली उष्णता 30 किलोवॅट. पंखे पूर्ण वेगाने फिरले तर पाणी 25 अंशांवर येईल. काँप्रेसर साडेपाच, पंखे सहा, एकूण साडेअकरा किलोवॅट. पंखे निम्म्या वेगाने फिरले तर पाणी 29 अंशांवर. काँप्रेसर सहा, पंखे एक, एकूण सात. पंखे पाव वेगाने फिरले तर पाणी 37 अंशांवर. काँप्रेसर सात किलोवॅटच्या वर, पंखे अगदी थोडे, एकूण साडेसातच्या जवळ. सर्वांत कमी खर्च मधल्या वेगाला आला. ही मधली जागा दर तासाला हलत असते. मेच्या दुपारी ती पूर्ण वेगाशी असते; तिथे काटकसर करू गेलो तर दाब वाढून चिलरच बंद पडेल. हिवाळ्याच्या पहाटे ती अगदी खाली असते. तिथे पंखा जोरात फिरवू गेलो तर पाणी इतके गार होईल की चिलरच्या आतले चक्र नीट चालणार नाही. पाणी किती गार चालेल याची खालची मर्यादा कारखान्याने दिलेली असते आणि ती गणितातही घालावीच लागते. म्हणून गच्चीवरील पाण्याचे उद्दिष्ट वर्षभरासाठी एकच आकडा न ठेवता, ते बाहेरच्या हवेबरोबर वरखाली होऊ द्यावे, हा दुसरा नियम.

आता कोणी विचारील की इतक्या वेळा वेग बदलायला तिथे माणूस बसवायचा का? बंधूंनो, हे काम आपोआप कसे व्हावे याचा धडा मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. 1903 साली पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढले की दरवाजे आपण होऊन उघडत, पातळी उतरली की मिटत. पुढे त्याच पद्धतीचे दरवाजे आपल्या ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही आले. पाण्याची पातळीच दरवाजाला हुकूम देते. आमच्या पंख्यांनाही परत येणाऱ्या पाण्याचे तापमान असाच हुकूम देते. तापमान चढले, वेग वाढला. उतरले, वेग कमी झाला. मात्र हुकूम फार चंचल असू नये. 30 अंशांवर पंखा सुरू आणि त्याच 30 अंशांवर बंद असे ठेवले, तर तो मिनिटामिनिटाला चालूबंद होऊन जळून जाईल. 30 वर सुरू, 27 वर बंद, असे मध्ये अंतर ठेवावे लागते. कागदावरच्या यंत्रालाही हे अंतर दिले नाही, तर हिशेब एकाच जागी उड्या मारीत बसतो.

हिशेबात आणखी एक गुंता आहे, तोही मुलांसाठी सांगतो. पंख्याचा वेग पाण्याच्या तापमानावर अवलंबून, पाण्याचे तापमान टाकायच्या उष्णतेवर, ती उष्णता काँप्रेसरच्या विजेवर, आणि ती वीज पुन्हा पाण्याच्या तापमानावर. साप आपलीच शेपूट गिळतो आहे असे वाटते. यावर उपाय शाळेतलाच आहे. दहाचे वर्गमूळ हाताने कसे काढतो? तीनाचा वर्ग नऊ, कमी पडला; चाराचा सोळा, जास्त झाला; मधला साडेतीन घेऊन पाहिला, जास्त; मग सव्वातीन. असे अर्धे-अर्धे करीत जवळ जातो. तसाच पंख्याचा एक वेग अंदाजाने धरायचा, सारे चक्र काढायचे, पाणी उद्दिष्टापेक्षा गरम निघाले तर वेग वाढवायचा, गार निघाले तर कमी करायचा. दहा-बारा फेऱ्यांत उत्तर हाती येते. संगणकाला याचा कंटाळा नाही.

आणि तास सोडून सरासरीने चालू नये. एका तासात पंखा पूर्ण वेगाने धावला आणि दुसऱ्या तासात स्वस्थ उभा राहिला, तर वेगाची सरासरी निम्मी झाली. निम्म्या वेगाची वीज एक-अष्टमांश, म्हणून दोन तासांची पाव, असे सरासरी सांगते. खरा खर्च पूर्ण एक तासाचा झालेला असतो. सरासरीने खर्च चौपट कमी दाखविला! घनाचा नियम असलेल्या ठिकाणी सरासरी फसविते.

या सर्व सुधारणांसह मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी 8760 तास पुन्हा मांडले. सुमारे 1500 तास पंखे पूर्ण वेगाने चालतात, त्यांचे 9000 युनिट. 2500 तास सात-दशांश वेगाने, त्यांचे साडेपाच हजार. 3000 तास निम्म्या वेगाने, त्यांचे तीन हजार. उरलेले 1760 तास अगदी मंद, त्यांचे सुमारे पाचशे. एकूण 18 हजार. माझा जुना आकडा साडेबावन्न हजारांचा होता. पंखे हळू चालल्यामुळे काँप्रेसर वर्षाला साडेचार-पाच हजार युनिट जास्त घेईल, तेही वजा केले तरी सुमारे तीस हजार युनिटांची चूक मी केली होती. हे तास अंदाजाने धरलेल्या वापराचे आहेत. वापर बदलला की ते बदलतील. परंतु चुकीची दिशा आणि तिचे माप यांविषयी आता मला शंका नाही.

टॉवरच्या बाजूनेही न्याय बोलले पाहिजे. मे-जूनच्या त्या 1500 तासांत ड्राय कूलरपायी काँप्रेसर तासाला 12 युनिट जास्त घेईल. ते 18 हजार युनिट कोणत्याही नियंत्रणाने वाचणार नाहीत. तो पाणी वाचविण्याचा मोबदला आहे आणि तो द्यावा की नाही हे मंडळाने ठरवावयाचे आहे. मी एवढेच म्हणतो की निर्णय खऱ्या आकड्यावर व्हावा. माझ्या चुकीच्या आकड्यावर होऊ नये.

तिघरा धरणाचा उल्लेख मी मघाशी केला. त्याची दुसरी आठवणही सांगणे माझे कर्तव्य आहे. सांक नदीवरील हे धरण 1916 साली बांधून झाले आणि 19 ऑगस्ट 1917 रोजी फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरले होते. खालच्या बाजूला मोठी प्राणहानी झाली. पुढे ते पुन्हा उभारले गेले आणि आजही शहर त्याचे पाणी पिते. वरचे काम कितीही नेटके असले तरी पायाखाली काय आहे ते तपासलेच पाहिजे, हे त्या घटनेने ग्वाल्हेरला शिकविले. आमच्या हिशेबाचा पाया म्हणजे हवेचे तापमान. वेधशाळेचा तापमापक सावलीतल्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीत असतो. आमचे पंखे तापलेल्या गच्चीवर राहणार, भोवती कठडा. पंख्यांनी फेकलेली गरम हवा कठड्याला आपटून परत आत ओढली जाऊ शकते. म्हणून वेधशाळेच्या आकड्यात दोन-तीन अंश मिळवूनच गणित करावे, आणि ड्राय कूलर कठड्यापासून दूर, उंच चौथऱ्यावर बसवावा.

शेवटी तीन विनंत्या मंडळाला करतो. कारागिराकडून दरपत्रक घेताना केवळ पूर्ण वेगाचे आकडे घेऊ नयेत. निम्म्या आणि पाव वेगाचेही लेखी मागावेत. तापमापक बिघडला तर पंखे थांबू नयेत, पूर्ण वेगाने धावावेत, अशी व्यवस्था करून घ्यावी. वीज थोडी जास्त जाईल, पण लसी व औषधे वाचतील. आणि मेच्या दुपारी चारांपैकी एक पंखा बंद पडला तर काय, ही परीक्षा आधी कागदावर घ्यावी. आमच्या हिशेबात तेव्हा पाणी तीन-चार अंशांनी चढते आणि चिलर बंद पडण्याच्या काठावर येतो. अशा वेळी प्रथम अभ्यासिकेचा थंडावा कमी व्हावा, औषधांच्या कोठाराचा शेवटपर्यंत राहावा. आमच्या मुलांनी हे स्वतःहून कबूल केले आहे, हे मी अभिमानाने नमूद करतो. रात्री पंखे मंद झाले म्हणजे आवाजही पुष्कळ कमी होईल, आणि शेजारची मंडळी सुखाने झोपतील.

माझा जुना कागद मी परत घेतला आहे. नवा कागद, साऱ्या गृहीतकांसह, आज चिटणिसांकडे दिला आहे. त्यात चूक सापडली तर ज्याला सापडेल त्याने ती निःसंकोच दाखवावी; दहावीतल्या मुलीने दाखविली तशी.